शेतातलं वर्कशॉप : लोडरची बकेट पाच मिनिटांत निघेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा फलटण तालुक्यात तीस गायींचा गोठा आहे. ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलाय पण बकेट चार पिनांवर आहे, शेणखत भरून झालं की मुरघासाच्या बॅगा उचलायला फोर्क लावायचा म्हटलं की पिना ठोकून काढण्यात पाऊण तास जातो आणि दोन माणसं अडकतात. मधे एक अडॅप्टर बनवून घेतला तर सीटवरून बदलता येईल असं ऐकलंय. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो १२ एमएमची प्लेट टाकू, हत्ती उभा केला तरी वाकणार नाही. टाकू का?

उत्तर : दादा, हत्तीचं राहू द्या. घरी बनवलेला अडॅप्टर प्लेट वाकून फेल गेला असं मी तरी फारसं पाहिलं नाही, फेल जातात ते चुकलेल्या मापाने. माझा पहिला अडॅप्टर असाच दणकट होता, दोन माणसांनी उचलेना. आणि लोडरला लावायला गेलो तर पिनच जाईना. वेल्डरने चारही कान (पिनेसाठी भोक असलेल्या उभ्या पट्ट्या) एका दमात पूर्ण वेल्ड केले होते, लोखंड ओढलं गेलं आणि समोरासमोरची भोकं दोन एमएम इकडची तिकडं. घण घालून पिन बसवली, आठ दिवसांत बुश, म्हणजे पिन फिरते ती नळी, अंडाकृती झाला.

म्हणून पहिलं काम प्लेट आणायचं नाही, पुठ्ठा आणायचा. तुमच्या बकेटच्या मागच्या कानाला दोन भोकं आहेत, खालचं बूमचं (लोडरचा वर-खाली होणारा हात) आणि वरचं टिल्ट सिलेंडरचं (बकेट पालथी करणारा). या दोन भोकांतलं अंतर आणि त्यांचा तिरकेपणा पुठ्ठ्यावर जसाच्या तसा उतरवा आणि अडॅप्टरचे कान त्यावरूनच कापा. इथं एखादा सेंटीमीटर जरी चुकला तरी बकेट पूर्ण पालथी पडत नाही नाहीतर मागे वळत नाही, आणि वाईट म्हणजे सिलेंडरचा स्ट्रोक संपायच्या आधी लोखंड बूमला टेकतं, मग हायड्रॉलिकचा सगळा जोर तुमचंच वेल्डिंग तोडायला लागतो. म्हणून टाके, म्हणजे जागेवर धरण्यापुरतं वेल्डिंग, मारल्यावर बूम खाली असताना आणि पूर्ण वर असताना, दोन्हीकडे टिल्ट दोन्ही टोकांना हळू नेऊन बघा. खाली बरोबर चाललं म्हणून वर चालेलच असं नाही.

चारही कान एकावर एक ठेवून एकदमच ड्रिल करा, आणि वेल्ड करताना या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एकच अखंड शाफ्ट भोकांतून घालून ठेवा. थोडं इकडे, थोडं तिकडे, गार होऊ द्यायचं, शाफ्ट हाताने फिरतोय का बघायचं, मग पुढचा टाका. वेल्डर कंटाळतो, त्याला चहा पाजा.

आता जोड कसला ठेवायचा. बाहेर दोन पद्धती जास्त चालतात, एक स्किड स्टिअरची (छोट्या लोडर मशीनची) प्लेट, वर तिरकी कड आणि खाली पाचरीसारख्या दोन पिना, आणि दुसरी युरोपातली, वर गोल बार आणि त्यावर अडकणारे हुक, खाली आडव्या पिना. तयार अटॅचमेंट विकत घेणार असाल तर स्किड स्टिअरचंच माप धरा, त्याची पाचर झीज भरून काढते, जोड खडखडत नाही. पण तुमचा फोर्क, बकेट सगळं गावातच बनणार असेल तर मी हुकवाला घेईन. ४० एमएमचा बार कुठल्याही लेथवाल्याकडे मिळतो, बूम खाली घ्यायचा, पुढे सरकायचं, बार हुकात गेला की उचललं, अटॅचमेंट स्वतःच्या वजनाने जागेवर येते. शेणामातीने भरलं तरी काम अडत नाही.

खालच्या लॉक पिना २५-३० एमएमच्या ईएन ८ पोलादाच्या करून घ्या, टोक निमुळतं, मागे स्प्रिंग. पण नुसत्या स्प्रिंगवर विसंबू नका. एकदा उकिरड्यावर माझी एक पिन भोकात गेलीच नव्हती, मधे शेणाचा गोळा, मी वरून बघितलं तर बसल्यासारखी वाटली. बकेट डोक्याएवढी वर गेली, टिल्ट केली आणि खालून सुटून हुकावर दारासारखी झुलली. समोर कोणी नव्हतं एवढंच नशीब. तेव्हापासून पिनेच्या पलीकडे निघालेल्या टोकाला लाल रंग आणि भोक पाडून कॉटर पिन, म्हणजे लॉक निसटू नये म्हणून. म्हणजे सीटवरून उतरावं लागतं, लागू द्या. आणि लावल्यावर दरवेळी बकेटचं पुढचं टोक जमिनीवर दाबून बघायचं, खालून फट पडली तर पिन बसलेली नाही.

अजून एक, ज्याकडे कोणी बघतच नाही. अडॅप्टरने बकेट पुढे सरकते. समजा पुढच्या अ‍ॅक्सलपासून १.६ मीटरवर बकेट धरून ५०० किलो उचललं की मागची चाकं हलकी व्हायला लागतात. अडॅप्टर ६० किलोचा झाला आणि बकेट १२ सेंटीमीटर पुढे गेली, तर तीच हद्द साधारण ४१५ किलोवर येते. ८५ किलो गेले, काही न भरता! म्हणून १२ एमएमची अखंड प्लेट नको, चौकोनी पाइपची चौकट करा, जाड लोखंड फक्त कानाला आणि हुकाला. आणि लोडरचं काम असेल तेव्हा मागं रोटाव्हेटर तरी लावून ठेवा, मोकळ्या मागच्या बाजूने लोडर चालवणं म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलचा छळ.

शेवटची गोष्ट क्रमाची. अडॅप्टर बनला की आधी फोर्क बनवा आणि महिनाभर फोर्कच वापरा. बकेटच्या मागचे जुने कान त्यानंतर कापायचे. काही चुकलं तर निदान बकेट जुन्या पिनांवर परत लावता येते, शेणखत थांबत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वेल्डर नेहमीचा ६०१३ रॉडच वापरतो. लोडरच्या कानाला चालेल का? आणि ट्रॅक्टरवरच ठेवून वेल्ड केलं तर?

उत्तर : गेट-ग्रिलला ६०१३ उत्तम. झटके खाणाऱ्या कानाला ७०१८ घ्या, पण तो दमट झाला की त्याचा उपयोग संपला, पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट वापरू नका, रॉड भट्टीत सुकवलेला पाहिजे. वेल्डरला या रॉडचा हात नसेल तर आधी भंगारच्या तुकड्यावर वेल्ड करून घणाने तोडून बघा, लगेच कळतं. ट्रॅक्टरवर फक्त टाके मारा, पूर्ण वेल्डिंग खाली काढून. टाक्यांच्या वेळी सुद्धा अर्थ क्लॅम्प त्याच लोखंडाला लावा, चेसीला लावला तर करंट पिना, बेअरिंग आणि सिलेंडरच्या रॉडमधून वाट काढतो. बॅटरीची वायर काढायचीच, २०२३ पासूनच्या ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नव्या उत्सर्जन नियमांमुळे इलेक्ट्रॉनिक्स बरंच आलंय, ते भाजलं तर अडॅप्टरपेक्षा महाग पडेल.

प्रश्न : भंगारात जेसीबीची पुढची बकेट स्वस्तात मिळतेय, अडॅप्टर लावून ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला बसेल का?

उत्तर : बसेल, उचलणार नाही. ते मशीन साडेसात टनांच्या आसपासचं आणि बकेटमधे घनमीटरभर माती मावते, ओली असेल तर पावणेदोन-दोन टन. अर्धीच भरू म्हणाल, पण रिकामी बकेटच तुमच्या लोडरची निम्मी उचल खाईल. फार तर तिची खालची कटिंग एज, म्हणजे धारेची जाड पट्टी, कापून घ्या, तीही वेल्ड करताना आधी गरम करून, कडक लोखंड आहे ते, गार असताना वेल्ड केलं की कडेने तडकतं.