पट्टी न थांबवता सर्व्हर हलवायचा कसा?

प्रश्न : ताई, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), उचल, हमाली-तोलाई, व्यापाऱ्यांची येणी, सगळं एका सर्व्हरवर चालतं. मशीन २०१५ चं. त्यावर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक टीबीच्या दोन डिस्क, रेड कार्डावर मिरर केलेल्या, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा. प्रोग्राम ज्या मुलाने लिहिला तो परदेशी गेला, फोनवर सापडला तर सापडतो. हल्ली मशीन मध्येच आपोआप बंद पडतं, म्हणून नवं घेतलंय. हार्डवेअरवाला म्हणतो, ‘जुन्यातली एक डिस्क काढून नव्यात लावू, दहा मिनिटांचं काम.’ भाचा म्हणतो, नवं लिनक्स टाकू आणि फक्त डेटा आणू. वडिलांचा हट्ट की दिवाळी पाडव्याचं वहीपूजन नव्या मशीनवरच व्हावं. आम्हाला सर्व्हर जसाच्या तसा हवाय. काय करावं? — एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : सगळ्यात आधी हार्डवेअरवाल्याला थांबवा. तुमच्या डिस्क थेट मदरबोर्डला नाहीत, दोन डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या रेड कार्डाला जोडलेल्या आहेत. कार्ड आपली खूणगाठ डिस्कवर लिहून ठेवतं. ती डिस्क दुसऱ्या कार्डाला लावली की सुरू होताना पडद्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याची सूचना येते, आणि पुढे इंपोर्ट की क्लिअर असा प्रश्न. कंपनी वेगळी असेल तर कार्ड ती खूण ओळखतही नाही आणि नवा अ‍ॅरे बनवून डिस्क इनिशियलाइज, म्हणजे कोरी, करू का, असं विचारतं. घाईत कुणी ‘हो’ म्हटलं की दहा वर्षांच्या पट्ट्या गेल्या. इकडे जुन्या मशीनमध्ये उरते एकटी म्हातारी डिस्क, जिच्यामागे मिरर नाही. दहा मिनिटं वाचवायला एवढी जोखीम कशाला?

बरं, डिस्क ओळखली गेली असं धरू. तरी मशीन सुरू होईलच असं नाही. तुमचं २०१५ चं मशीन बहुधा जुन्या बायोस पद्धतीने बूट होतं, म्हणजे सुरू होतं. नवी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीची, आणि काहींत जुन्या पद्धतीची सोयच काढून टाकलेली असते. यूईएफआयला बूटसाठी फॅट प्रकारचं वेगळं छोटं पार्टिशन लागतं, ते तुमच्या डिस्कवर नसणार. दुसरी अडचण ड्रायव्हरची. सेंटओएस ७ सुरुवातीला जी इनिटरॅमएफएस फाइल उघडतं, तिच्यात जागा वाचवण्यासाठी फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरलेले असतात. तुमच्या फाइलमध्ये जुन्या रेड कार्डाचा ड्रायव्हर आहे, नव्या मशीनमधल्या कार्डाचा नसण्याचीच शक्यता जास्त. मग मशीन अर्ध्यावर थांबतं आणि काळ्या पडद्यावर ड्रॅकटचा (ही फाइल बनवणाऱ्या साधनाचा) इमर्जन्सी शेल, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायची जागा, समोर येतो. डेटा जागेवर असतो, पण तो मांडलाय त्या डिस्कपर्यंत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पोचता येत नाही.

भाच्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, आता त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. पण त्याला एक गोष्ट तपासायला सांगा. सेंटओएस ७ बरोबर पीएचपी ५.४ (प्रोग्रामची भाषा) आणि मारियाडीबी ५.५ (डेटाबेस) येतात. त्या काळातल्या पोरांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये डेटाबेसशी बोलायला ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ असली जुनी फंक्शनं सर्रास असायची, आणि पीएचपी ७ मध्ये ती काढूनच टाकली. कोडच्या फोल्डरमध्ये हा शब्द शोधा. सापडला, तर नव्या लिनक्सवर तुमचा प्रोग्राम पहिल्याच पानाला मान टाकेल आणि दुरुस्तीसाठी परदेशातल्या त्या मुलाच्या फोनची वाट बघत बसावं लागेल.

माझा सल्ला तिसरा आहे. क्लोन करा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढा, पण सरळ नव्या मशीनवर नको. नव्या मशीनवर प्रॉक्समॉक्ससारखं व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने दुसरं मशीन उभं करणारी सोय) टाका आणि जुना सर्व्हर त्याच्या आत आभासी मशीन म्हणून बसवा. तिथे हार्डवेअर कसलं दाखवायचं ते आपल्या हातात असतं. बायोस जुन्या पद्धतीचा, डिस्क साध्या साटा प्रकारची, नेटवर्क कार्ड इंटेलचं जुनं ई१०००. बाहेरचं खरं हार्डवेअर कितीही नवं असो, सेंटओएसला त्याचा पत्ता लागत नाही. पुढे पाच वर्षांनी हेही मशीन बदलायची वेळ आली तर आजचं सगळं रामायण पुन्हा नको; फाइल उचलायची, दुसरीकडे ठेवायची.

आता प्रत्यक्ष काम. तुमचं मशीन आपोआप बंद पडतं म्हणता, तर आधी त्याचं झाकण उघडा. हळदीच्या दुकानातल्या सर्व्हरचे पंखे मी पाहिलेत. पात्यांच्या कडेला आणि प्रोसेसरच्या हीटसिंकच्या फटींत पिवळी पूड आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, बोटाने सोलून निघतो. पॉवर सप्लायच्या जाळीतही तेच. क्लोन करताना मशीन तासन् तास सलग राबणार. ते मध्येच गरम होऊन बंद पडायला नको, म्हणून प्लग काढून ब्लोअरने साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून.

त्याआधी आजच संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची फाइल) काढून पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह घरी न्या. पुढे काहीही बिनसलं तरी पट्ट्या हातात राहतील. मग स्मार्टसीटीएल या आज्ञेने दोन्ही डिस्कची तब्येत बघा. रेड कार्डामागच्या डिस्कसाठी त्या आज्ञेला कार्डाचा प्रकार वेगळा सांगावा लागतो, नाहीतर ती ‘दिसत नाही’ म्हणते आणि लोक तिथेच नाद सोडतात. ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कचे वाचायला अडखळणारे तुकडे) शून्य असतील तर क्लोनझिला हा प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. शून्य नसतील तर डीडीरेस्क्यू. ते न वाचता येणारा भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उचलतं, आणि मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) दिली असेल तर मध्ये वीज गेली तरी राहिलं तिथून पुढे चालू होतं.

क्लोनझिला पेनड्राइव्हवरून सुरू होतं, म्हणजे त्या वेळी तुमचा डेटाबेस बंदच असतो. प्रत अर्धवट होत नाही, कुठली नोंद हवेत लोंबकळत राहत नाही. ते फक्त वापरलेली जागा उचलतं, रिकामी सोडतं. तरी आभासी मशीनची डिस्क मूळ डिस्कपेक्षा थोडी मोठीच बनवा. सेंटओएस ७ मध्ये बहुधा एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असते, ती वाढवता येते, लहान करता येत नाही.

प्रत नेटवर्कवरून नेणार असाल तर टेबलाखालचा स्विच बघा. गिगाबिट स्विच सेकंदाला साधारण ११० एमबी नेतो. ५०० जीबीला सव्वा तास. जुना शंभर एमबीपीएसचा असेल तर तेवढ्यालाच बारा-साडेबारा तास. शनिवारी रात्री बसलेला माणूस रविवारी दुपारीही तिथेच! त्यापेक्षा यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क बरी. फक्त ती जुन्या मशीनच्या यूएसबी ३ पोर्टातच लावा.

आभासी मशीन पहिल्यांदा सुरू करताना त्याचं नेटवर्क तोडलेलं ठेवा. हे मी बजावून सांगते. तुमच्या सर्व्हरवर शेतकऱ्यांना पट्टीचा एसएमएस पाठवणारं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम असणारच. जुना आणि नवा दोन्ही एकदम चालू राहिले तर एकाच शेतकऱ्याला एकाच पट्टीचे दोन मेसेज जातील, आणि सकाळी उठून तो दुकानात दोन पट्ट्यांचे पैसे मागायला आला तर त्याची काय चूक?

बूट अडखळलं तर ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना दिसणाऱ्या, यादीत सगळ्यात खाली ‘रेस्क्यू’ लिहिलेली ओळ असते, ती निवडा. तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत गेल्यावर ड्रॅकट चालवून इनिटरॅमएफएस नव्याने बनवून घ्या, की नेहमीची ओळही चालते. नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं दिसेल. जुन्या सेटिंगच्या फाइलमध्ये एचडब्ल्यूएडीडीआर (जुन्या कार्डाचा क्रमांक) असेल तर ती ओळ काढा, नाव नवं लिहा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) तोच ठेवा. काउंटरवरचे पीसी तो आयपीच ओळखतात. घड्याळही बघा. जुन्या मशीनचं हार्डवेअर घड्याळ भारतीय वेळेवर असेल आणि आभासी मशीनचं यूटीसी या जागतिक वेळेवर, तर पट्टीवर साडेपाच तासांचा फरक पडेल.

तपासणी तुमच्या मुनीमजींना करू द्या. भाचा बसला तर ‘लॉगिन होतंय’ एवढं बघून उठेल. मुनीमजी शेवटचा पट्टी क्रमांक जुळवतील, एखाद्या व्यापाऱ्याचं येणं पैशापर्यंत ताडतील, २०१६ सालची एखादी पट्टी उघडून छापून बघतील आणि मराठी अक्षरं फुटली तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसेल. एवढं जुळलं की जुन्या मशीनची नेटवर्क वायर काढा, मग नव्याची जोडा. ही प्रत आणि तुमचा प्रत्यक्ष बदल यांत दिवस गेले असतील तर त्या दिवशी डेटाबेसचा ताजा डंप काढून नव्यात भरा; सबंध क्लोन पुन्हा करायची गरज नाही.

पाडव्याचं म्हणाल तर वडिलांचा हट्ट मोडू नका, दिवाळीत तशी आवक कमीच असते. फेब्रुवारीपासून नव्या हळदीचे सौदे जोर धरतात, तेव्हा हे काम काढलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. फक्त बदल पाडव्याच्या आठवडाभर आधी उरका. वहीपूजनाला मशीन चालू स्थितीत असावं. कुंकू मात्र झाकणावरच, पंख्याच्या जाळीवर नको.

चालू झाल्यावर सेंटओएस ७ ला इंटरनेटपासून तोडा, एसएमएसला लागतं तेवढंच बाहेर जाऊ द्या. मग सवडीने भाच्याला त्या आभासी मशीनची दुसरी प्रत द्या. त्यात त्याने हवे ते प्रयोग करावेत, पीएचपी बदलावं, कोड दुरुस्त करावा. त्याची हौस तिथे कामी येईल.

जुनं मशीन लगेच भंगारात घालू नका, डिस्कसकट घरी ठेवा. आणि नवं मशीन जमिनीवर नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. सर्व्हर माळ्यावर न्या.

प्रश्न : ताई, आमचं तासगावला बेदाण्याचं शीतगृह आहे. ऑफिसचा विंडोजवाला पीसी नव्या पीसीवर क्लोन केला. सगळं उघडतं, पण टॅली ‘एज्युकेशनल’ दाखवतंय आणि तारीख १ किंवा २ सोडून नोंदच घेत नाही. क्लोन चुकला का? — हिशेबनीस, तासगाव

उत्तर : क्लोन ठीक आहे. टॅलीचा परवाना मशीनला बांधलेला असतो. हार्डवेअर बदललं की तो सापडत नाही आणि शिकाऊ पद्धत सुरू होते, तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी होतात. जुना पीसी चालू असेल तर तिथे टॅली उघडून परवाना ‘सरेंडर’ करा, मग नव्यावर तोच क्रमांक टाकून ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करा. दोन्हीला इंटरनेट लागेल. जुना पीसी फॉरमॅट करायला काढला असेल तर आत्ता थांबवा. पीसीबरोबर आलेल्या ओईएम विंडोजच्या परवान्यालाही हाच न्याय आहे, तो त्या मशीनपुरताच असतो.

प्रश्न : मॅडम, मी विश्रामबागेत राहतो, डिप्लोमाला आहे. उबुंटूचं एक आभासी मशीन बनवून त्याच्या तीन प्रती काढल्या. मॅक (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगवेगळे दिले तरी राउटर सगळ्यांना एकच आयपी देतो. — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : चारही मशीनचा मशीन-आयडी एकच राहिलाय. नवं उबुंटू सर्व्हर राउटरला ओळख म्हणून मॅकऐवजी त्यावरून बनवलेला क्रमांक देतं. प्रत्येक प्रतीत ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, पण पुसू नका, आणि रीबूट करा. नवा क्रमांक आपोआप तयार होतो. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट कीही चारही ठिकाणी सारख्याच असतील, त्या काढून नव्या बनवा. पुढच्या वेळी मूळ मशीनमध्येच मशीन-आयडी रिकामी करा, जुन्या की काढा, ते बंद करा आणि मग प्रती काढा; नव्या की मात्र प्रत्येक प्रतीत वेगळ्या बनवा.