वडिलांच्या प्लॉटवर मागे घर बांधायचंय: आधी बक्षीसपत्र, मग वीट

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, मुंबईबाहेरच्या एका महापालिका हद्दीत. पुढे बंगला, मागे मोकळी जागा. घटस्फोटानंतर वाचक ताई मुलीला घेऊन माहेरी राहतात. वडील म्हणतात, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांध, वेगळी राहा. पैसा ताईंचा, पोटगीपोटी एकरकमी मिळालेला. भाऊ तोंडी ‘माझी हरकत नाही’ म्हणतो. कंत्राटदार म्हणतो, ‘पत्र्याची शेड दाखवून उभं करू, घरपट्टी लावून घ्या, पुढे रेग्युलराइज होतं.’ ताई विचारतात: परवानगी लागेलच का, आणि उद्या हे घर माझंच राहील का?

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तुमची सगळी शिल्लक त्यावर अवलंबून आहे.

आज जागा वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यावर तुम्ही पैसे घातले म्हणून मालकी आपोआप तुमची होत नाही. सिमेंटची बिलं, तुमच्या खात्यातून गेलेले चेक, तुमच्या नावाचं वीज मीटर, घरपट्टीच्या पावतीवरचं तुमचं नाव, यांतलं काहीच मालकीचा दस्त नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही समान वारस. तेव्हा मागच्या घराचाही हिशेब निघेल आणि आज हरकत नसलेला भाऊ उद्या त्याच्या घरच्यांच्या सांगण्यावरून हिस्सा मागू शकेल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. कागद नसला की चांगल्या माणसांतही भांडणं होतात, हे मिळकतीच्या वादांत वारंवार दिसतं.

कायद्यात तुम्हाला थोडा आधार आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 60 नुसार, मालकाच्या परवानगीवर विसंबून कोणी स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी मालकाला मनात येईल तेव्हा काढून घेता येत नाही. पण हा बचाव कोर्टात पुराव्याने शाबीत करावा लागतो, आणि तो मिळाला तरी राहण्याचा हक्क टिकतो, मालकी मिळत नाही. तेवढ्यावर बँक गृहकर्ज देणार नाही आणि तुमच्या मुलीच्या हाती ठोस काही उरणार नाही.

म्हणून वडिलांकडून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. प्लॉट त्यांची स्वकष्टार्जित मिळकत आहे, तेव्हा त्यांच्या हयातीत भावाचा त्यात हक्क नाही आणि त्याची सहीही कायद्याने लागत नाही. (खरेदीखत काढून मात्र बघा. पैसा आजोबांची जमीन विकून आला असेल, तर वडिलोपार्जिततेचा वाद उभा राहू शकतो आणि मग सल्ला बदलेल.) महाराष्ट्रात राहती मिळकत मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. दस्तावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि वडिलांच्या हयातीतच तुम्ही बक्षीस स्वीकारलं, हे त्यात लिहिलेलं हवं.

दस्तात ‘मागची जागा’ असं मोघम लिहू नका. प्लॉटचे दोन तुकडे करायचे तर वेगळी मंजुरी लागते आणि लहान प्लॉटला ती सहसा मिळत नाही. त्याऐवजी अविभक्त हिस्सा (जागेचे तुकडे न पाडता सगळ्या प्लॉटमधला ठरावीक वाटा) द्यावा. सोबत मोजमापं घातलेला नकाशा जोडावा: तुमचं घर कुठे, बंगल्याच्या बाजूने फाटकापर्यंत जायची वाट किती रुंद, पाण्याची लाईन कुठून, सांडपाण्याचं चेंबर कोणाच्या बाजूला, गच्ची कोणाची. ही वाट लिहायची राहिली, तर उद्या बंगला विकला गेल्यावर तुमच्या दारापर्यंत यायला रस्ता उरणार नाही. मग मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव लावून घ्या.

वडिलांचीही बाजू सांभाळायला हवी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 असं आहे की सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, तो सांभाळ न झाल्यास, परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवलं. तशी अट दस्तात घाला म्हणून तुम्ही स्वतः सुचवा. आईवडील निर्धास्त होतील.

आता परवानगी. ती लागतेच. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, 1966 च्या कलम 44 खाली परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत अर्ज करायचा. परवानगी नसताना बांधलं तर कलम 52 खाली फौजदारी गुन्हा होतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. वर ‘शेड’ लिहून आत मोरी आणि ओटा केला, तर ते घरच असतं, हे पाहणीला आलेल्या इंजिनिअरला दारातूनच कळतं. घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, उलट महापालिकेला बेकायदा बांधकामाची शास्ती (दंड) लावता येते. ‘पुढे रेग्युलराइज होतं’ हेही सरसकट खरं नाही. नियमात बसणाऱ्या बांधकामाला मागाहून मंजुरी मिळू शकते. कुंपणाला टेकून बांधलेली भिंत नियमातच बसत नसेल, तर मिळणार काय? अनधिकृत बांधकाम बरीच वर्षं उभं आहे म्हणून ते कायदेशीर होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे.

तुमच्याकडे लागू आहे ती 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली. त्यात दोन गोष्टी बघायच्या: चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येतं ती मर्यादा, एफएसआय) शिल्लक आहे का, आणि सामासिक अंतर (बांधकाम आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा) सुटतं का. यासाठी बंगल्याचा जुना मंजूर नकाशा शोधा आणि टेप घेऊन प्रत्यक्ष बंगला त्याच्याशी ताडून बघा. पोर्चला जाळी लावून केलेली खोली, बाल्कनी आत घेऊन वाढवलेला हॉल, जिन्याखालचं संडास, अशा गोष्टी बऱ्याच घरांत निघतात. तुमचा नवा अर्ज गेला की या वाढीव भागाचा प्रश्नही निघणार. तो आर्किटेक्टशी आधी बोलून घेतलेला बरा.

अर्ज देऊन 60 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 45 खाली मानीव परवानगी (न देताही दिली असं धरलेली) मिळते, असं कोणी सांगेल. ती प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच. प्लॉट गृहनिर्माण सोसायटीचा किंवा भाडेपट्ट्याचा असेल, तर त्यांचं ना हरकत पत्रही लागेल.

बक्षीसपत्र आधी झालं, तर अर्ज वडील आणि तुम्ही मिळून करा, म्हणजे मंजुरीपत्रावर तुमचंही नाव येईल. प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची महापालिकेची परवानगी) हातात येईपर्यंत पाया खणू नका. जोत्याची (पाया जमिनीच्या वर येतो त्या पातळीची) तपासणी वेळेवर करून घ्या आणि भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेलं घर वापरायची परवानगी) मिळाल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता सोडू नका. भावाला हे सगळं दस्त व्हायच्या आधी वडिलांनीच सांगावं, आणि तो तयार असेल तर बक्षीसपत्रावर त्याची संमतीची सही घ्यावी. गरज नसली तरी घ्यावी, कारण पुढे त्याला ‘मला माहीतच नव्हतं’ असं म्हणता येणार नाही.