जीव लावलेली कुत्री दुसऱ्याला द्यायची, मग प्रशिक्षक कसला?

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका तरुणाचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 26, खासगी नोकरी, घरी आई-वडील आणि सात कुत्री. त्याला नोकरी सोडून कुत्र्यांना शिकवण्याचा व्यवसाय करायचा होता. घरच्यांची अट एकच होती, आधी कुत्री कमी कर. तो तिथेच अडला होता. "स्वतःची कुत्री सांभाळता येत नाहीत, त्याच्याकडे लोक आपली कशाला सोपवतील?" त्याच्या आईचं म्हणणं सरळ होतं : "सात कुत्रे अन् तीन माणसं, घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली."

ही धास्ती बऱ्याच जणांना असते. तिचं उत्तर आधी घड्याळात शोधावं. एका कुत्र्यामागे रोज 40 मिनिटं फिरवणं आणि 10 मिनिटं शिकवणं धरलं, तरी सात कुत्र्यांची 350 मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ सहा तास. त्यात नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, सकाळी आठनंतर डांबर तापू लागतं, आणि संध्याकाळीही अंधार पडल्याशिवाय निघता येत नाही. (तळहात रस्त्यावर सात सेकंद टेकवता आला नाही, तर तिथे कुत्र्याला चालवू नये.) घरच्या कुत्र्यांना फिरवायचे जे तास, नेमके तेच शिकवणीचेही. सात कुत्री ठेवून हा व्यवसाय उभा राहत नाही, माया कितीही असली तरी.

कोणती द्यायची, यावर त्याच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलावं लागलं. बहुतेक लोक त्रास देणारं कुत्रं आधी काढतात आणि ते आठवडाभरात परत येतं. सगळ्यात सहज रुळतात ती लहान. त्याच्याकडे पाच महिन्यांची तीन पिल्लं होती, ती आधी द्यायची ठरली. मात्र दोन भावंडं एकाच घरात द्यायची नाहीत, कारण ती एकमेकांतच गुंततात, माणसाकडे लक्ष देत नाहीत आणि वयात आल्यावर पुष्कळदा भांडू लागतात. नऊ वर्षांची म्हातारी कुत्री घरीच राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं. दोन नर एकमेकांवर धावून जायचे. त्यांतल्या एकाला दुसरं कुत्रं नसलेलं घर हवं होतं. भांडणाची गोष्ट लपवून त्याला देणं म्हणजे नव्या घरातल्या माणसांना धोक्यात घालणं.

देण्याआधीची तयारी अशी : रेबीजची लस आणि इतर लसी नोंदवलेलं पुस्तक, जंताचं औषध, आणि वयात आलेल्यांची नसबंदी. शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, म्हणून त्या काळात कुत्रं कुणाला सोपवू नये. माहिती लिहिताना खोडीही लिहायच्या. ‘फटाक्यांना घाबरतो, ताटाजवळ हात नेला की गुरगुरतो’ हे वाचून जो मागे हटतो, तो नंतर परत करणाराच असतो.

घर बघायला स्वतः जायचं. फाटकाखालची फट, गच्चीचा कठडा, भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती, मे महिन्यात दुपारी कुत्रं कुठे बसणार, हे सगळं विचारायचं. ‘शेतावर राखणीला पाहिजे’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा. तिथे पुष्कळदा आयुष्यभराची साखळीच वाट्याला येते. आणि गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला नेऊन सोडून देणं तर विसराच, प्राण्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. कुत्रं जुन्या घराच्या ओढीने पळतं, तेही बहुधा कुणी फाटक उघडतं त्या क्षणी. म्हणून गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घालून दोन दोऱ्यांनी बाहेर न्यायचं आणि निदान तीन आठवडे मोकळं सोडायचं नाही. जुनंच अन्न आठ-दहा दिवस चालू ठेवून हळूहळू बदलायचं, नाहीतर जुलाब लागतात. जमलं नाही तर कुत्रं आपल्याकडेच परत येईल, असं लिहून घ्यायचं.

एवढं नीट करणारा माणूस कुत्री टाकत नसतो, तो त्यांचं भलं बघतो. शिवाय अनोळखी कुटुंबाला कुत्रं समजावून सांगणं, हेच तर प्रशिक्षकाचं निम्मं काम. 45 मिनिटांच्या शिकवणीत कुत्र्याकडून तीन-तीन मिनिटांचे चार-पाच डावच करून घेता येतात. उरलेला वेळ मालकाचा हात, आवाज आणि वेळ साधणं सुधारण्यात जातो. खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा, उकडलेलं चिकन किंवा पनीर, आणि तो कुत्रं बसल्याच्या क्षणालाच द्यायचा; उठल्यावर दिला तर उठणंच पक्कं होतं. गळा आवळणारा पट्टा लावून गुरगुरणं दाबलं, तर कुत्रं पुढे इशारा न देताच चावतं. अचानक चावू लागलेलं कुत्रं आधी डॉक्टरांकडे न्यावं, कारण दुखण्यामुळेही कुत्री चावतात. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना त्यासाठी आहे.

नोकरी मात्र लगेच सोडू नये, हे त्याला स्पष्ट सांगितलं. सुट्टीच्या दिवशी आधी निवाराकेंद्रात वेगवेगळ्या स्वभावाची कुत्री हाताळावीत आणि प्रत्येक तासाची वही ठेवावी. सीपीडीटी-केए ही कुत्र्यांच्या प्रशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा द्यायची झाली, तर मागच्या तीन वर्षांतला 300 तासांचा अनुभव दाखवावा लागतो. पैसे सहा शिकवण्यांचे एकत्र घ्यावेत, कारण एकेक शिकवणी घेणारे लोक दुसरीनंतर येत नाहीत. ग्राहकांची कुत्री घरी ठेवायला घेऊ नयेत. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि घरची पिल्लं आधी बळी पडतात. उन्हाळ्यात शिकवण्या निम्म्यावर येतात, म्हणून चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

सध्या त्याच्याकडे तीन कुत्री आहेत. तिन्ही पिल्लांना आणि भांडणाऱ्या नराला घरं मिळाली. नोकरी चालू आहे. शनिवार-रविवार पहाटे तो दोन कुटुंबांना शिकवतो आणि पुढचा उन्हाळा पार पडल्यावर राजीनाम्याचं ठरवणार आहे.