कान्की म्हणजे काय, हे कुणाला विचारलंस का?

प्रिय मावशी,
मी मूळची नागपूरच्या महाल भागातली, वय २९. ऑगस्टपासून जपानच्या उत्तरेला, अकिता प्रांतातल्या एका सरकारी शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. शाळा छान, मुलं गोड. त्रास आहे तो घरमालकीणबाईंचा. वय ऐंशीच्या घरात, खालच्या मजल्यावर राहतात. बाहेर उणे पाच अन् या बाई दार वाजवून सरळ आत येतात, "कान्की, कान्की" म्हणत खिडकी सताड उघडतात. माझ्या फोडणीचा वास सोसवत नसेल. शेवटी डिसेंबरात मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टीच मारून टाकली. त्यावर त्या इतक्या चिडल्या, की मला रडू आलं. आता घरी मनच लागत नाही. शनिवार-रविवार डोकं जड, मळमळ, उठावंसं वाटत नाही. सोमवारी शाळेत दुपारपर्यंत ठीक होते. केरोसीनचा हीटरही जुना, मधेच पीप पीप करून बंद पडून राहिला. आई म्हणते, एकटेपणानं होतंय, परत ये. तिच्या सांगण्यावरून ऑक्सिमीटर लावला, ९८ आला. म्हणजे दुखणं मनाचंच. घर बदलू, की मार्चमध्ये नोकरी सोडून नागपूरला येऊ?
– खिडकीवाली

पोरी, हे वाचताना हीटर चालू असेल तर आधी तो बंद कर. पट्टी ओढून काढ, खिडकी उघड, जॅकेट चढव आणि घराबाहेर ये. बाकीचं बाहेर उभी राहून वाच.

शनिवारी येणारा आणि सोमवारी दुपारी उतरणारा एकटेपणा मला तरी माहीत नाही. कार्बन मोनॉक्साइड मात्र अगदी असाच वागतो. सुटीच्या दिवशी तू दिवसभर बंद खोलीत, हीटरशेजारी. शाळेत गेलीस की मोकळी हवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू अर्ध्यावर यायला साधारण चार-पाच तास लागतात. आठला शाळेत पोचलीस तर दुपार होतेच. ताप नाही, सर्दी नाही, नुसतं डोकं आणि मळमळ, तेही घरीच. तुझ्या पत्रातली ही दोन वाक्यं सोडली तर बाकी सगळं मला दुय्यम वाटतं.

हीटरच्या मागे बघ. भिंतीतून बाहेर जाणारी नळी आहे का? नसेल, आणि तू लिहिलंस त्यावरून नसावीच, तर तो खोलीतलीच हवा जाळतो आणि धूरही खोलीतच सोडतो. हवा ताजी असेल तोवर ठीक. प्राणवायू कमी झाला की तेल अर्धवट जळतं आणि मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. आणि तुझा तो ९८! बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हे दोन्ही वायू वेगळे ओळखता येत नाहीत. मोनॉक्साइडनं भरलेलं रक्तही त्याला छानच दिसतं. तो आकडा विसर.

हीटर जुना झालाय, असं तू ठरवून टाकलंस. असे हीटर तीन तासांनी आपोआप थांबतात हे खरं, पण ज्वाला नीट जळेनाशी झाली की त्याआधीही थांबतात, आणि बहुतेकांच्या पॅनेलवर दोन चित्राक्षरांचा एक दिवा लागतो. ती अक्षरं कुणाकडून तरी वाचून घे. 'कान्की' असंच लिहिलंय, म्हणजे हवा खेळती करा. यंत्र सांगत होतं, बाई सांगत होत्या, आणि तू पुन्हा बटण दाबत होतीस. खिडकी उघडूनही बंद पडत राहिला तर मग दुरुस्तीवाल्याला दाखव. मागच्या हिवाळ्याचं उरलेलं तेल वापरलं असेल तर ज्वाला नीट जळत नाही; सिलिकॉनवाला हेअर स्प्रे हीटरजवळ मारत असशील, तर ज्वाला ओळखणाऱ्या दांडीवर पांढरा थर बसतो आणि यंत्र फसतं.

अगं, नागपूरची पोट्टी ना तू? कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवायचं, नाहीतर घरभर नुसता दमटपणा, हे तुला कुणी शिकवावं लागलं होतं का? इथेही तेच. लिटरभर केरोसीन जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. तुझ्या काचा सकाळी ओल्या असतील आणि गादी खालून दमट, बघ उचलून.

पद्धत सोपी आहे. हीटर चालू असताना तासातून एकदोनदा, दर वेळी दोन मिनिटं, समोरासमोरच्या दोन जागा उघडायच्या. दुसरी खिडकी नसेल तर स्वयंपाकघरातला पंखा लाव आणि लांबची खिडकी उघड. घर गोठत नाही त्यानं. हवा बदलते, पण भिंती आणि सामान तापलेलं राहतं, पाच-दहा मिनिटांत खोली पुन्हा गरम. झोपताना हीटर बंद म्हणजे बंद. पायाशी युतांपो, म्हणजे गरम पाण्याची बाटली, खाली विजेचं ब्लँकेट. तेल भरतानाही आधी विझवायचा. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म याच आठवड्यात विकत आण, काही हजार येनांत मिळतो.

डॉक्टरकडे जा, पण डोकं दुखत असेल त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी रक्त दिलंस तर तपासणीत काही सापडणार नाही. हीटर आणि चिकटपट्टी, दोन्ही शब्द आधी सांग. चक्कर आली, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर घरातून बाहेर पडून ११९ ला फोन.

फोडणीचा वास हा तुझा तर्क. त्या बाईंनी तसं कधी म्हटलेलं नाही. त्या एकच शब्द म्हणत आल्या आणि तो तू फोनवर शोधूनही पाहिला नाहीस. ऐंशीच्या बाई, उणे पाचात, जिना चढून, पुन्हा पुन्हा. पट्टी पाहून त्या चिडल्या नाहीत गं, घाबरल्या. तुझ्या रडण्याचं मला आत्ता फारसं वाईट वाटत नाहीये, वाटेल नंतर.

घर बदलायचं का, परत यायचं का, याचं उत्तर आज मिळणार नाही. आईलाही तेवढंच सांग. दोन शनिवार-रविवार खिडकी उघडत काढ, मग लिही. आज खाली जा. काचेवर पट्टीचा चिकटा राहिला असेल, तो काढायला त्यांच्याकडे काहीतरी असेलच. ते माग.