सही आहे, पण वाचलंय का?

प्रश्न : सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या आहेत. तरी कोणी सफाईचं रसायन दहापट घट्ट कालवतं, तर कोणी झाकण उघडं ठेवून यंत्र चालू करतं. हा निष्काळजीपणाच ना?

उत्तर : माणसाला बोल लावण्याआधी पाटी वाचून बघा. 'झाकण लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.' एका वाक्यात दोन नकार! अडखळत वाचणाऱ्याच्या हाती 'झाकण' आणि 'यंत्र सुरू' एवढंच लागतं. 'आधी झाकण लावा. मग यंत्र सुरू करा.' असं लिहा, म्हणजे वाक्यं हाताच्या क्रमाने येतील. 'विद्युतपुरवठा खंडित करावा' हेही नको. 'मेन स्विच बंद करा. कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.'

रसायनाचं दुखणं मात्र बहुधा आकड्यांचं असतं. १:१०० म्हणजे ५ लिटर पाण्याला ५० मिली. एक शून्य नजरेतून सुटलं की १:१०, म्हणजे थेट ५०० मिली. म्हणून मापाच्या भांड्यावर ५० मिलीची ठळक रेघ मारा. पण तेवढ्यावर थांबू नका. बादली बदलली की रेघ चुकते, गुणोत्तर समजलेला माणूस चुकत नाही.

सही ही फक्त हजेरी. 'समजलं का?' विचारलं की 'हो' येणारच, वाचता येत नाही हे चारचौघांत कोण सांगेल? बाजूला घेऊन बाटली हातात द्या आणि विचारा, 'हे कशात मिसळायचं नाही, कुठे लिहिलंय?' हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, ती ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

प्रश्न : मग नुसती चित्रंच लावली तर?

उत्तर : लावा, पण चित्रंही शिकवावी लागतात. रसायनाच्या बाटलीवर लाल चौकटीतली साधी ज्वाळा म्हणजे पेट घेणारा पदार्थ. वर्तुळावरची ज्वाळा म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारा ऑक्सिडायझर. दोन्ही सारखेच समजून शेजारी ठेवले, तर घात. शिवाय चित्र प्रमाण सांगत नाही.

रसायनाचे धोके आणि काळजी सांगणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचे १६ भाग असतात. सगळे पाठ करवू नका, हवा तो शोधायला शिकवा. आठवड्यातून १५ मिनिटं, तीही कामाच्या वेळेतच. पत्रक हातात देऊन विचारा : 'डोळ्यात उडालं, कुठे बघाल?' भाग ४, प्रथमोपचार. 'हातमोजे कोणते?' भाग ८.