बोल्स्टरसाठी धातू निवडताना

अनेक आशीर्वाद.

सुरीचा फोटो पाहिला. पातं सरळ, एकसारखं उतरलंय. बोल्स्टरला, म्हणजे मुठीच्या पुढे पात्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या धातूच्या तुकड्यांना, ब्राँझ कुठलं घेऊ, हे विचारलंस ते बरं केलंस, कारण ब्राँझ हा एक धातू नाहीच, तांब्याच्या मिश्रधातूंचं अख्खं घराणं आहे.

मी सुरुवातीला भंगारातून फुटक्या घंटेचा जाड तुकडा आणला होता. रंग देखणा होता. बोल्स्टर पात्याला जोडणारी पिन ठोकताना तिसऱ्याच घावाला भोकापासून कडेपर्यंत चीर गेली. घंटेच्या काशात कथील २० टक्क्यांच्या आसपास असतं. ते वाजतं सुरेख, पण गार असताना घाव सोसत नाही. फॉस्फर ब्राँझमध्ये कथील साधारण ५ टक्के, म्हणून त्याची पिन ठोकली की पसरते. ३ टक्के सिलिकॉनवालं ब्राँझही चालेल. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ सोन्यासारखं पिवळं राहतं, मात्र हातकानशीने घडवताना जीव काढतं. पहिल्या सुरीला फॉस्फर ब्राँझच घे.

बेअरिंगचे जुने बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या) स्वस्त मिळतात, पण स्वयंपाकाच्या सुरीला ते नकोच. त्यातल्या अनेकांत ७ टक्के, कधी त्याहूनही जास्त शिसं असतं.

पितळेच्या पातेल्यांना कल्हई का लावत, ते आजीला विचार. आंबट कळकतं. इथे तर दुहेरी धोका आहे: फटीत लिंबाचा रस साचला की ब्राँझला चिकटलेलं पोलाद आधी गंजतं. म्हणून बोल्स्टरचे दोन्ही गाल आतून काचेवर पॉलिश पेपर पसरून घास. पात्यावर दाबून उजेडाकडे धर. मधून किरण दिसला तर परत घास.

बोल्स्टरची पात्याकडची पुढची कड मात्र बसवण्याआधीच पूर्ण कर. दोन्ही गाल पिनांवर एकत्र अडकवून ती एकदमच घडव, ४०० नंबरच्या पेपरपासून बारीक होत २००० पर्यंत ने. नंतर तिथे हात लावलास तर पात्यावर ओरखडे उठतील. सुरी चिमटीत धरणाऱ्याचं बोट याच कडेवर टेकतं, तेव्हा ती उतरती ठेव.

भोकांची तोंडं बाहेरून किंचित रुंद कर, म्हणजे ठोकलेली पिन तिथे पसरून घट्ट बसेल. आणि पिना वेगळ्या तारेच्या घेऊ नकोस. आज पॉलिशखाली दिसणार नाहीत, पण बोल्स्टर काळवंडू लागला की प्रत्येक पिनेभोवती वेगळ्या रंगाची चकती उमटेल. बोल्स्टरसाठी ब्राँझची पट्टी कापतानाच तिच्या कडेची एक लांब काडी बाजूला काढ आणि कानशीने गोल करून ठेव.