शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणावर पीएचडी करतोय, थिअरेटिकल फ्रेमवर्क कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की विषय झेडपी शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आहे, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) महिन्याभरात द्यायचाय, आणि फ्रेमवर्क म्हणून, म्हणजे अभ्यास ज्या थिअरीच्या चष्म्यातून करायचा ती म्हणून, गाईड म्हणतात अँड्रागॉजी (प्रौढ माणसं कशी शिकतात याची थिअरी) घ्या, मित्र म्हणतो टीपॅक (विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान या तिन्हींच्या ज्ञानाचा मेळ सांगणारं मॉडेल) घे आणि नेटवर बघावं तिकडे कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी (ऑनलाइन शिकण्याचं एक मॉडेल). मी याच फेऱ्यातून गेलेय आणि त्यात माझं एक वर्ष गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. मी कम्युनिटी ऑफ इन्क्वायरीच घेतलं होतं, कारण काय तर तयार प्रश्नावली मिळते, ३४ विधानं, मराठी केली, गूगल फॉर्म केला, संपलं काम. हे मॉडेल गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलं, कॅनडात, विद्यापीठातल्या ऑनलाइन लेखी चर्चांचा अभ्यास करता करता. त्यात तीन गोष्टी बघतात, शिकवणाऱ्याचा वावर, शिकणाऱ्यांचा एकमेकांत वावर, आणि विचार किती खोल जातोय ते. आता माझा कोर्स (कुठला ते राहू दे) कसा होता, तर व्हिडिओ, पीडीएफ, चाचणी, प्रमाणपत्र. चर्चा नाही आणि पलीकडे माणूसही नाही. पायलटला, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणांवर करून बघताना, एका सरांनी फॉर्म भरता भरता फोन केला, "मॅडम, हे प्रशिक्षक प्रशिक्षक लिहिलंय ते कोण, व्हिडिओतले का?" तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला, मी म्हटलं हो तेच, भरा. मग प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "यात कम्युनिटी कुठे आहे?" मी गप्प.

मग प्रश्नावली बाजूला ठेवून शाळांमध्ये जाऊन बसले. एका शाळेत ऑफिसच्या खिडकीत मोबाईल चार्जिंगला, त्यावर कोर्सचा व्हिडिओ म्यूटवर चाललाय आणि बाई शेजारी पोषण आहाराचं रजिस्टर भरताहेत. चाचणीची उत्तरं केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली, १-ब, २-क, ३-ड अशी. मी मनात म्हटलं, झालं, आपला विषयच बुडाला. पण चारेक दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसऱ्या एका शाळेतल्या बाईंनी फोटो टाकला, कोर्समध्ये दाखवल्यासारखे आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवतानाचा, आणि खाली लिहिलं, "गठ्ठा मुलांनाच सोडायला लावा, आपण सोडला तर कळत नाही." त्यावर तिघाचौघांनी प्रश्न विचारले, दोघांनी करून बघितलं, केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, तोच विषय निघाला. म्हणजे कोर्स होता एकीकडे आणि शिकणं चाललं होतं भलतीकडेच.

हे पकडणारी थिअरी मला लेव्ह आणि वेंगर या दोन अभ्यासकांकडे मिळाली. १९९१ चं त्यांचं काम लायबेरियातले शिंपी, युकातानच्या सुईणी वगैरे लोकांवर आहे, ऑनलाइनचा संबंधच नाही. पण नवखा माणूस कडेकडेने काम करत करत आत कसा येतो हे त्यांनी इतकं नीट सांगितलंय की ग्रुपवर नुसतं वाचणारे शिक्षकही मला निराळे दिसायला लागले. सावध मात्र राहा, प्रत्येक ग्रुप काही त्यांच्या अर्थाने समुदाय, म्हणजे एकच काम करता करता एकमेकांकडून शिकणारी माणसं, नसतो. वेंगरच्या १९९८ च्या पुस्तकात तीन कसोट्या आहेत, एकमेकांत खरं देणंघेणं, समान काम, आणि त्यातून साठलेली शब्द-साधनांची सामायिक शिदोरी. गुड मॉर्निंग आणि जीआर फॉरवर्ड यात बसत नाहीत.

जोडीला शिक्षक कसे बदलतात यावर लिहिणारा संशोधक गस्की घेतला. १९८६ पासून तो म्हणतोय की शिक्षकाचं मत आधी आणि वर्तन मग असं होत नाही, शिक्षक करून बघतो, मुलांना जमलेलं दिसतं, तेव्हा मत बदलतं. म्हणून कोर्स संपल्या संपल्या "तुमचा दृष्टिकोन बदलला का" विचारणं फुकट, मी दोन-तीन महिन्यांनी वर्गात जाऊन बघितलं.

बाकीचं पटकन. टीपॅक (मिश्रा आणि कोहलर, २००६) शिक्षकाला काय यायला हवं ते सांगतं, मोठा माणूस ऑनलाइन शिकतो कसा ते नाही. तुमचा प्रश्न कोर्सच्या आशयाचा असेल तर उत्तम, नाहीतर सोडा. डेव्हिसचं १९८९ चं टॅम (टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल) माणसाला तंत्रज्ञान वापरायची इच्छा किती आहे ते मोजतं, पण वरून आदेश आल्यावर इच्छेला विचारतो कोण? मेझिरोची परिवर्तनाची थिअरी (शिकता शिकता माणसाची जगाकडे बघायची दृष्टीच बदलते असं सांगणारी) मला फार आवडते, ती मध्येच शिक्षण सुटून परत कॉलेजात आलेल्या बायकांच्या अभ्यासातून आली, पण त्यासाठी माणूस मुळापासून हलायला लागतो, काही तासांच्या व्हिडिओवर तेवढं ओझं टाकू नका.

आता काम काय करायचं तर आधी आठ-दहा शिक्षकांशी बोला आणि तुम्हाला न उलगडलेली एक गोष्ट कागदावर लिहा. मग कोरी वही घेऊन चार रकाने पाडा: संशोधन प्रश्न, थिअरीतली संकल्पना, ती मला कशात दिसेल, आणि काय दिसलं तर मी चूक ठरेन. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती थिअरी नुसती शोभेची आहे, काढून टाका. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये सहा थिअऱ्या होत्या, या वहीनंतर दोनच उरल्या.

आणि गाईड अँड्रागॉजीवर अडूनच बसले तर भांडू नका. अँड्रागॉजीवाल्या नोल्सच्या गृहीतकांमध्ये प्रौढ माणूस स्वतःहून, आतल्या ओढीने, आपल्या अडचणीपुरतं शिकतो असं धरलेलं आहे आणि तुमच्याकडे तर सक्तीचा कोर्स आहे. मग यातलं कुठलं गृहीतक सक्तीतही टिकतं आणि कुठलं गळतं हाच प्रश्न करा. गाईडचा शब्दही राहील आणि तुम्हाला डेटामध्ये शोधायला काहीतरी मिळेल. सिनॉप्सिसचा ड्राफ्ट झाला की तो वहीचा तक्ता इथे टाका, बघते.